आठ पट्ट्या, एक अंगठा

९ जानेवारी

खारुताईस,

आधी पत्राचं कारण. फोनवर सांगायला घेतलं की तू रडतेस, मी ओरडतो आणि तुझी वहिनी आतल्या खोलीतून विचारते, कोण गेलं. म्हणून कागद घेतला. कुणी गेलेलं नाही. सावकाश वाच.

माझ्या तळपायांना दोन वर्षं मुंग्या येतात हे तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षी दुकानात पायात खिळा शिरला, तो मला संध्याकाळी मोजा काढताना दिसला. दिसला, कळला नाही. मग बोटांची पाळी आली. लाकडावरून अंगठा फिरवून मी तीस वर्षं सांगत आलो की पॉलिश पेपर कुठल्या नंबरचा मारलाय आणि अजून किती मारायचाय. आता मी म्हणतो टेबल झालं, आणि आमचा कारागीर खाली मान घालून म्हणतो, "मालक, कडेला अजून खरखर आहे." आणि असते. हे वाक्य लिहायला मला किती जड गेलं ते समजून घे.

तीन डॉक्टर झाले. पहिल्यानं साखर शोधली, दुसऱ्यानं मणका. तिसरी बाई, माझ्या मुलीच्या वयाची, पण कामाला चोख. तिनं विचारलं, "आईला असं काही होतं का?" मी म्हटलं, आईच्या हातून बरण्या पडायच्या, चटका बसला तरी तिला कळायचं नाही, शेवटी पाय उचलेनात. आम्ही म्हणायचो वय झालं. बाई म्हणाली, "वय किती होतं?" तेव्हा मी पहिल्यांदा हिशोब केला. बावन्न.

रक्त तपासलं. आजार आईकडून आलेला आहे, आणि दुर्मीळ आहे. लिव्हर एक प्रथिन तयार करतं; आमच्यासारख्यांत ते कच्चं निघतं, सुटतं आणि नसांवर जाऊन बसतं. नीट न वाळलेल्या पॉलिशवर धूळ बसते तसं, थरावर थर. मी आठवी पास, पण औषधाची माहितीपत्रिका शब्दकोश घेऊन तीनदा वाचली आणि बाईला दोन शंका विचारल्या. त्यातली एक तिनं लिहून घेतली.

औषध आहे. शिरेतून, सलाइनसारखं, दर तीन आठवड्यांनी, कायमचं. ते लिव्हरला ते प्रथिन करूच देत नाही. बसलेला थर निघेल असा भरवसा कुणी देत नाही. नवा बसायचा थांबला पाहिजे. पुढच्या महिन्यात सुरू.

आता तुझं. आपल्या आया सख्ख्या बहिणी. तुझी आई अडतिसाव्या वर्षी अपघातात गेली, म्हणून तिच्यात हे होतं का, ते कुणालाच माहीत नाही. तुझं रक्त तपासायला हवं. दिवसभर चष्म्यांना काचा बसवतेस, तुझंही पोट बोटांवरच आहे.

सोबत पुडकं आहे. आत आठ लाकडी पट्ट्या, प्रत्येकीवर वेगळ्या नंबरचा पॉलिश पेपर सरसानं चिकटवलाय. ऐंशी नंबर सगळ्यात खरखरीत, हजार सगळ्यात मऊ. नंबर मागे लिहिलेत. डोळे मिटायचे, कुणाला तरी पट्ट्या मिसळायला सांगायच्या आणि नुसत्या अंगठ्यानं खरखरीतापासून मऊपर्यंत ओळीनं लावायच्या. किती आपल्या जागी बसल्या ते मोजायचं. माझा संच त्याच तावांतून कापलाय. इस्पितळातलं यंत्र विजेचा झटका देऊन नस मोजतं. मोजू दे. मला माझा अंगठा मोजायचाय, रोज सकाळी, कामाला लागायच्या आधी.

आज सहा आल्या. तुझा आकडा कळव. आणि रक्ताचं.

दादा


२१ जानेवारी

दादा,

पत्र दुकानात उघडलं हे चुकलं. समोरच्या गृहस्थांना वाचायच्या चष्म्याऐवजी लांबचा दिला आणि ते म्हणाले, "बाई, मला पेपर दिसत नाही, पण तुम्ही रडताय हे स्पष्ट दिसतंय." घे, आता ओरड कागदावर.

मावशीच्या बरण्या. आपण तिला धांदरट म्हणायचो आणि तीही आपल्यात सामील होऊन हसायची. परवापासून मला तिचं ते हसणं आठवतंय आणि काही सुचत नाही.

पुडकं मिळालं. तू चिकटपट्टी अशी आवळली आहेस आणि वर तारीख घालून अशी सही केली आहेस की पोस्टमन विचारत होता, आत काय सोनं आहे का. केली बाबा तुझी परीक्षा. शेजारणीनं मिसळून दिल्या. आठपैकी आठ. काचांना हात लावून लावून माझी बोटं तशीही चोरासारखी झालीत.

रक्ताचं बघते. दुकानात वर्षाची मालमोजणी चालू आहे, प्रत्येक फ्रेम हातात घेऊन लिहायची. ती संपली की जाते.

तू मात्र त्या बाईला फार शंका विचारू नकोस. तिला दुसरेही पेशंट असतील.

खार


१३ फेब्रुवारी

खारे,

काल पहिली खेप झाली. क्रमानं सांगतो.

तासभर आधी चार औषधं देतात. एक स्टेरॉइड, एक तापाची गोळी, दोन अ‍ॅलर्जीवरच्या. मुख्य औषध आत शिरताना शरीर कुरकुरतं, ती कुरकुर आधीच बंद करायची. त्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी झोप येते. मी झोपलो नाही. मला बघायचं होतं. पंपावर पहिली पंधरा मिनिटं हळू चालवतात, मग वेग वाढवतात, सगळी मिळून ऐंशी मिनिटं. माझ्या घड्याळात त्र्याऐंशी झाली. सिस्टरला दाखवलं. ती म्हणाली, "काका, तीन मिनिटं नळी धुवायची." हे आधी सांगितलं असतं तर मी त्र्याऐंशीच धरली असती.

मध्येच तोंड गरम झालं. तिनं वेग कमी केला, पाच मिनिटांत उतरलं. खुर्ची मागे कलणारी आहे, बसायला झकास, पण हात टेकायच्या लाकडावर कुणीतरी वॉर्निश फासलंय, ब्रशच्या केसांसकट. ऐंशी मिनिटं तो केस बघत बसलो.

सिस्टरनं माझे पंजे उलटेसुलटे करून पाहिले. बधिर कातडीला चिरा पडतात आणि माणसाला कळत नाही, म्हणून रोज क्रीम लावायला सांगितलं. आता तुझी वहिनी रोज उठल्याबरोबर माझे हात धरून क्रीम चोपडते. आमच्या लेकीलाही लहानपणी एवढं चोपडलं नव्हतं. शिवाय रोज एक गोळी, अ जीवनसत्त्वाची. औषधानं ते अंगातलं कमी होतं आणि त्याचा संबंध डोळ्यांशी, म्हणजे तुझ्या खात्यात येतं. अंधारात नीट दिसेनासं झालं तर सांगा म्हणालेत. अजून दिसतंय.

पट्ट्या सहा. मालमोजणी संपली का?

दादा


४ मार्च

दादा,

संपली. तीन फ्रेमा कमी भरल्या, त्या दुकानाच्या मालकांच्याच घरात निघाल्या. घरातल्या तीन नाकांवर.

तुझं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुझा भाऊ इस्पितळात उपचाराला जातो की तपासणीला? मी म्हटलं, त्याच्या लेखी दोन्ही एकच.

माझी परीक्षा चालू आहे. आठ, आठ, एकदा सात, तेव्हा सर्दी होती. रक्ताची चिठ्ठी डॉक्टरांकडून आणली आहे, पर्समध्ये आहे. आमच्या इथल्या लॅबला तसली तपासणी जमत नाही, बाहेर पाठवावं लागतं, त्यांना विचारून सांगते.

दर तीन आठवड्यांनी त्र्याऐंशी मिनिटं तू गप्प बसतोस हे मात्र औषधाचं यश मानायला हवं.

खार


१० एप्रिल

खारे,

तीन खेपा झाल्या. गेल्या महिन्यात पट्ट्या पाच झाल्या. आज चार.

वहिनी म्हणते तुम्ही घाई करता. मी घाई करत नाही. रोज सकाळी तीन वेळा करतो, एका आकड्यावर विश्वास नको म्हणून. सहाशे आणि हजार मला एकच लागतात. काल चारशेही त्यांच्यात गेला. मऊ, सगळं मऊ.

एकदा वाटलं, पट्ट्यांतच काही खोट असेल. मग तुझी पत्रं काढून बसलो. तेच ताव, तोच सरस, एकाच दुपारी चिकटवलेले, आणि तुला आठ येतात. म्हणजे पट्ट्या बरोबर आहेत. खोट माझ्यात आहे. तुझे आकडे नसते तर मी स्वतःला फसवत बसलो असतो, म्हणून आभार मानतो. आपल्या घरात एक अंगठा तरी धड आहे याचं समाधान आहे.

शेवटचा हात आता कारागिरालाच मारायला सांगितलाय. तो नाही म्हणाला. मी म्हटलं, मी सांगतोय. तो म्हणाला, "मालक, तुम्ही नुसतं बघा तरी." तर आता मी बघतो.

लॅबवाल्यांनी काय सांगितलं?

दादा


२४ जून

खारुताईस,

तीन.

अठरा तारखेला सातवी खेप झाली, त्याच दिवशी नसांची तपासणीही. बाई हसून म्हणाली, "उत्तम आहे, स्थिर आहे, फेब्रुवारीत होतं तेच." तिला मी काय सांगणार? यंत्राला जे लागतं ते यंत्र मोजतं. ज्या अंगठ्यावर मी तीस वर्षं जगलो तो पाच महिन्यांत सहावरून तिनावर आलाय आणि कागदावर सगळं स्थिर आहे. पेशंटला बरं वाटावं म्हणून बोलतात. मी पण गिऱ्हाइकाला सांगतोच की डाग उन्हात दिसणार नाही.

मी ठरवलंय. नऊ जुलैची खेप घेणार नाही. जाऊन येऊन सहा तास, दोन दिवस अंग मोडून आल्यासारखं, आणि हाताशी काही नाही. जे औषध काम करत नाही ते घेत राहणं म्हणजे सडक्या लाकडाला पॉलिश. वकिलांच्या ऑफिसचं लांब टेबल आलं होतं, अक्रोडाचं, बारा माणसं बसतील एवढं. ते परत पाठवलं. दुकान कारागिराच्या नावावर करायचं बोलणं सुरू केलंय.

माझ्या पट्ट्या सोबत पाठवतो. मला आता समोर नकोत. तुझ्या त्या खणात टाक, जिथे तू जगातली प्रत्येक वस्तू साठवतेस. तुझ्या तू करत राहा. तुझा आकडा खाली आला तर मात्र माझ्यासारखं पाच महिने बघत बसू नकोस.

यावर फोन करू नकोस. उचलणार नाही.

दादा


३० जून

दादा,

पूर्ण वाच. मध्येच उठून जाऊ नकोस. वहिनी, तुम्ही जवळ बसा.

तुझं पुडकं आलं तसं मी ते न उघडताच खणात टाकणार होते. मग म्हटलं, ज्यानं माझ्या भावाचं डोकं फिरवलं ते निदान बघावं. दुकानात भिंगाखाली धरलं. दादा, तुझ्या हजारवर आणि सहाशेवर खरखर उरलेलीच नाही. नुसतं चकचकीत तेलकट पांढुरकं काहीतरी थापलंय. चारशेही तसाच. एकशेवीसच्या खड्यांमधल्या फटी मेणानं भरल्यासारख्या भरल्यात. मी तुझ्या धंद्यातली नाही, म्हणून पलीकडच्या हार्डवेअरच्या दुकानातून चारशे नंबरचा नवा ताव आणला आणि शेजारी ठेवला. डोळे मिटून माझ्या मालकांच्याही हातात दिले. त्यांना लेन्स उलटी-सुलटी कळत नाही, पण हे कळलं.

रोज सकाळी तीन वेळा, आठ पट्ट्या, पाच महिने. आणि तुझ्या हातांना वहिनींनी नुकतंच चोपडलेलं क्रीम. तुझा अंगठा नाही रे गेला. पेपर गेलेत.

इथपर्यंत लिहून मी पेन ठेवलं होतं. कारण पुढे काय होणार ते मला माहीत आहे. तू म्हणशील, तसं असतं तर खारीच्या पट्ट्याही गेल्या असत्या, आणि तिला तर आठ येतात. तू मला लिहिलंयस तसं. माझे आभार मानलेस. नवे ताव पाठवले तर म्हणशील दुसऱ्या कंपनीचे. मी तुला ओळखते.

म्हणून हे सोबतचं, जानेवारीतलं पुडकं बघ. तुझी चिकटपट्टी, तुझी तारीख, तुझी सही. कुठे उचकटलेलं दिसतंय का बघ. दिसणार नाही. मी ते कधी उघडलंच नाही.

आठ आले नव्हते. सातही आले नव्हते. शेजारणीला मी काही मिसळायला सांगितलं नव्हतं. जानेवारीपासून माझ्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर होतात. फ्रेमचे स्क्रू हातातून पडतात, केसाएवढे असतात, मी जमिनीवर रांगून शोधते आणि मालकांना सांगते की स्क्रू उचलायचं लोहचुंबक नीट चालत नाही. पुडकं समोर ठेवून दोनदा बसले. दोन्ही वेळा मला मावशीच हसताना दिसली. उघडलं नाही, आणि तुला आठ लिहिलं. आठ लिहिलं की तू पुढे विचारणार नाहीस असं वाटलं. तू माझ्या खोट्या आकड्यांवर स्वतःचं औषध तोलशील हे माझ्या डोक्यात आलं असतं, तर मी शून्य लिहिलं असतं.

रक्ताची चिठ्ठी अजून पर्समध्येच आहे. घडीवर फाटलीये.

तुला जे म्हणायचं ते म्हण. आधी पुडकं उघड. हातांना साबण लावून, क्रीमशिवाय.

खार


४ जुलै

खारुताई,

मी पत्रबित्र लिहीत नाही, पण हे लिहिणार नाहीत म्हणून मीच बसले.

पुडकं सकाळी आलं. यांनी आधी सही पाहिली, मग चिकटपट्टीची कड भिंगातून पाहिली. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुकानात जाऊन दार लावून घेतलं. मी बाहेरून विचारलं, चहा? कारागीर म्हणाला, "वहिनी, आत फेऱ्या मारतायत, म्हणजे ठीक आहेत."

साडेअकराला हाक आली. हात धुऊन बसले होते, डोळ्यांवर माझी ओढणी बांधलेली. म्हणाले, मिसळ. मी मिसळल्या. एक एक पट्टी उचलायची, अंगठा फिरवायचा, ठेवायची, परत उचलायची. पाच मिनिटं लागली असतील. ओढणी काढली, उलटून बघितल्या.

सहा.

परत मिसळ म्हणाले. सहा. तिसऱ्यांदा मला म्हणाले, तू मुद्दाम सोप्या मिसळतेस, त्याला बोलाव. कारागिरानं मिसळल्या. सहा. त्याच दोघी इकडच्या तिकडे होतात, सहाशे आणि हजार. कारागीर म्हणाला, "मालक, ती दोघं मलाही कधी कधी सांगता येत नाहीत." मग हे जे हसायला लागले ते थांबेनात. माझा जीव भांड्यात पडला, खरं सांगते, मी तिथेच भुशाच्या पोत्यावर बसले.

नऊ तारखेला जातायत. मी बरोबर जाणार आहे. तुझ्यावर चिडलेत. पण सकाळपासून तीन वेळा विचारून झालं, खारीची ती दोन बोटं कुठली म्हणाली ती.

क्रीम मी आता संध्याकाळी लावते.

वहिनी


१० जुलै

खारे,

काल आठवी खेप झाली. त्र्याऐंशी मिनिटं.

आधी माझी चूक, कारण ती मोठी आहे. पेपर भरला की फेकून द्या हे मी दुकानात दिवसातून दहा वेळा ओरडतो. लाकडाचा भुसा पेपरात बसतो आणि पेपर गुळगुळीत होतो, हे पोरसवदा शिकाऊ माणसालाही पहिल्या आठवड्यात कळतं. पण लाकूड पेपर भरतं तसा अंगठाही भरतो, वर क्रीम असेल तर दुप्पट, हे मला तीस वर्षांत सुचलं नाही, कारण अंगठ्याला मी माप समजत होतो. माल कधी समजलोच नाही. बाईला सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "पण औषध बंद करायचं ठरवलंत तेव्हा मला का नाही सांगितलंत?" मी खिशातली वही काढून लिहिलं, आधी बाईला सांगायचं.

आता तुझी. तुझं पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बधिर तळपायातूनही जाते, ही नवी माहिती बाईला द्यायला हवी. पाच महिने, खारे. आठ, आठ, आठ. आणि एकदा सात. त्या सातावरच मी तुला पकडायला हवं होतं. आठातली एक पट्टी चुकीच्या जागी गेली की जिची ती जागा होती तीही चुकते. सात येऊच शकत नाहीत. एक तर आठ, नाहीतर सहा किंवा त्याखाली. हे मला काल बसमध्ये लक्षात आलं आणि मी मोठ्यानं बोललो, पुढच्या सीटवरचे गृहस्थ वळून बघायला लागले. खोटं बोलायचं तर निदान होण्यासारखा आकडा सांगावा.

पण ते पुडकं तू बंद पाठवलंस. दुकानातले ताव पाठवून तुला मोकळं होता आलं असतं, आणि मी ते मानले नसते, आणि काल त्या खुर्चीत नसतो. तेव्हा रागावून झालं.

एकवीस तारखेला सकाळी दहाला तुझी वेळ बाईकडे घेतली आहे. रक्त तिथेच घेतात. आदल्या दिवशी इकडे ये. वहिनी बरोबर येईल, मी पण येईन, पण तोंडाला कुलूप लावून बसेन. हवं तर लिहून देतो. पर्समधली ती फाटकी चिठ्ठी आणू नकोस, नवी मिळते.

वकिलांना फोन केला. टेबल अजून कुणाला दिलेलं नाही.

दादा


२२ ऑगस्ट

दादा,

तुला फोनवर सांगितलंच, पण तू "बरं" म्हणून फोन ठेवलास आणि मग वहिनींनी सांगितलं की तू अंगणात जाऊन उभा राहिलास. म्हणून लिहिते.

माझ्यात नाही. बाईंनी कागद माझ्याकडे फिरवून बोट ठेवून दाखवलं. मला वाचता येईना, चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं काम करून. तेव्हा त्यांनी वाचून दाखवलं.

आणि बोटं. त्यांनी माझं कोपर दाबलं आणि मी किंचाळले. त्या म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर कशावर कोपर टेकून बसता?" काचेच्या काउंटरवर. कोपरापाशी नस दाबली जाते, त्यानं शेवटची दोन बोटं बधिर होतात. म्हणजे आठ महिने मी मृत्युपत्राचा मसुदा मनात करत होते आणि उपाय होता उशी. मालकांनी काउंटरवर फोमचा तुकडा चिकटवून दिलाय. गिऱ्हाइकं विचारतात हे काय. मी म्हणते, वैद्यकीय कारण.

एक गोष्ट फोनवर बोलले नाही. बाईंच्या खोलीतून एकटीच बाहेर पडले आणि मला एवढा आनंद झाला, दादा, की तुला फोन लावायचं धाडस होईना. आपण दोघं एकाच ताटात वाढलो. मावशीनं मला आईसारखं केलं. आणि वाट्याला आलं ते तुझ्या एकट्याच्या. तेव्हापासून हसू आलं की मागोमाग लाज येते. तुला सांगून काय होणार माहीत नाही, पण आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय.

खार


११ सप्टेंबर

खारुताईस,

अंगणात मी उभा होतो ते चप्पल शोधत. वहिनीला प्रत्येक गोष्टीत अर्थ दिसतो. पण डोळे पुसायला रुमाल नव्हता, एवढं तिचं खरं आहे.

लाजेचं कारण मला कळत नाही. आईनं दिलं ते सगळंच मी तुझ्याबरोबर वाटून घेत नव्हतो; तिचं नाक माझ्याकडेच आलं, त्याबद्दल तू कधी लाजली नाहीस, उलट माझ्या त्या नाकावर बावीस फ्रेमा लावून बघितल्यास आणि हसलीस. हेही तसंच धर. तुझा निकाल लागेपर्यंत मी माझ्या नसांचा विचार अर्धाच करत होतो, उरलेला अर्धा तुझ्याकडे होता. आता पूर्ण माझ्याकडे आलाय, आणि माझं ओझं हलकं झालंय. गणित उलटं वाटेल, पण तपासून पाहिलंय.

टेबल पूर्ण झालं. लाखेचं पॉलिश, चौदा हात. शेवटच्या हाताला मी आणि कारागीर दोघं, समोरासमोर, मी एका टोकाकडून, तो दुसऱ्या. मध्ये भेटलो तेव्हा त्यानं माझ्या बाजूवर अंगठा फिरवला, मी त्याच्या. मी त्याला दोन जागा दाखवल्या. त्यानं मला एक. पूर्वी मी एकही ऐकून घेतली नसती. वकील आले, वरून हात फिरवला आणि म्हणाले, छान. लोकांना एवढंच कळतं.

काल अकरावी खेप. पलीकडच्या खुर्चीत नवीन बाई होती, पन्नाशीची, शिवणकाम करते, तिची पहिलीच वेळ. गोळ्या देऊन झाल्या होत्या. हातांची बोटं सारखी एकमेकांवर घासत होती, आपण कापड पारखताना घासतो तशी. मी ओळखलं, ही पण बोटं तपासतेय. शेवटी तीच म्हणाली, "दादा, तुम्ही कधीपासून घेताय?"

"फेब्रुवारीपासून."

"मग काही फरक पडला का?"

मी म्हटलं, "नाही. काडीचाही नाही."

तिचा चेहरा उतरला. सिस्टर माझ्याकडे अशी बघायला लागली की नळी माझ्या गळ्याभोवती गुंडाळेल. तेव्हा मी घाईनं खुर्ची पुढे घेतली आणि म्हणालो, "म्हणजे असं बघा, बाई, फेब्रुवारीत माझ्या हातात जेवढं होतं तेवढंच आज आहे. माझ्या आईला सात महिन्यांत उजवा हात उचलेनासा झाला होता. माझ्यात काडीचाही फरक नाही. त्याच्यासाठीच येतो मी इथे, बसनं, तीन तास."

तिनं माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "मला सुई ओवता येते अजून. उजेडात."

"मग तेवढं राखायचं," मी म्हटलं.

तिचा पंप सुरू झाला. पहिली पंधरा मिनिटं हळू, हे मी तिला सांगितलं, आणि शेवटची तीन मिनिटं नळी धुवायला, म्हणजे ऐंशी नव्हे, त्र्याऐंशी. लिव्हरचं समजावून सांगत होतो, प्रथिनापर्यंत पोचलो होतो. बघतो तर तिला झोप लागली होती, तोंड जरासं उघडं, हात मांडीवर मोकळे. सिस्टर ओठांवर बोट ठेवून मला म्हणाली, "काका, पुरे."

गप्प बसलो.

दादा